हाराची कडी

आमचं दुकान फ्रेमचं. धाराशिवच्या जुन्या पेठेत वडिलांनी काढलेलं, आता मी चालवतो. आत शिरलं की डाव्या भिंतीला देव, उजव्या भिंतीला गेलेली माणसं आणि मधे काच कापत बसलेला मी. लोकांच्या हातात मोबाइल आल्यापासून लग्नाचे, बारशाचे फोटो कुणी फ्रेम करून घेत नाही. देव आणि मेलेले एवढीच गिऱ्हाइकं उरली. तक्रार घेऊन मात्र या दोघांपैकी कुणी येत नाही, असं वडील म्हणायचे. हा विनोद ते इतक्यांदा करायचे की त्यांची स्वतःची फ्रेम करताना मला तोच आठवला.

गेलेल्या माणसाच्या फ्रेमला आम्ही वरच्या पट्टीवर दोन पितळी कड्या बसवतो, हार अडकवायला. जित्या माणसाला त्या लागत नाहीत. आता फोटो घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला "हे आहेत की गेले?" असं तोंडावर कसं विचारणार? म्हणून आमच्या दुकानात विचारायची रीत ठरलेली आहे, "हाराची कडी लावायची का?" त्यावर कुणी नुसती मान हलवतं, कुणी डोळ्याला पदर लावतं, कुणी अंगावर धावून येतं. मी नवीन होतो तेव्हा एकानं बापाचा फोटो आणला. पांढरी टोपी, पिवळा पडलेला कागद. मी न विचारताच कड्या ठोकून मोकळा झालो. तो फ्रेम न्यायला आला, तर बाप मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून उतरून स्वतः दुकानात हजर. म्हातारा हसला बिचारा, पण पोरानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वडील त्या दिवशी एवढंच म्हणाले, "कडी आपुन ठरवायची न्हाय. ज्याचं माणूस, त्यानं सांगायचं." तेव्हापासून मी कधी चुकलो नाही.

मग कोरोना आला आणि त्या दोन वर्षांत मी इतक्या कड्या ठोकल्या की मला माणसांच्या चेहऱ्यांचा वीट आला. खरंच सांगतो, रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की याच्यावर कुठली पट्टी शोभेल, काळी की सोनेरी, हेच आधी मनात यायचं. स्वतःचीच भीती वाटायला लागली. तेव्हा एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि ठरवलं, आता माणूस सोडून बाकीच्याचे फोटो काढायचे. जुन्या दगडी इमारती, निजामाच्या काळातल्या कमानी, बंद पडलेले जकात नाके, कुणाच्या परसात कोंबड्या बसलेली अँबॅसिडर, पाटीवरचं नाव उडालेली जुनी एसटी. मोठे प्रिंट काढायचे, फ्रेम करायचे, भिंतीला लावायला विकायचे. इमारती आणि गाड्याही मरतातच, पण त्यांना कुणी हार घालत नाही, असं मी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. गाड्यांना हार घालतात, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नाही.

फोटो खपायला लागले. नवे बंगले, दातांचे दवाखाने, हायवेवरची हॉटेलं. सगळ्यांची अट मात्र एकच, फोटोत माणूस नको. हॉलमध्ये परका माणूस टांगला की येणारा पाहुणा हळूच विचारतो, "हे कधी वारले?" आपल्याकडं भिंतीवरच्या एकट्या माणसाचा दुसरा अर्थच होत नाही. आता रस्त्यावरच्या इमारतीचा फोटो माणसाविना काढायचा म्हणजे पहाटे उठा नाहीतर संचारबंदीची वाट बघा. मी व्हिडिओ बघून एक युक्ती शिकलो. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा आणि दर दोन मिनिटांनी एक, असे एकाच जागेचे वीस फोटो काढायचे. मग कॉम्प्युटरवर ते एकावर एक चढवायचे. बहुतेक फोटोंत जे आहे ते तो ठेवतो, थोड्यात आहे ते पुसून टाकतो. चालती माणसं, सायकली, म्हशी सगळं जातं आणि भर बाजारातली इमारत एकटी उभी राहते. जे हलतं ते जातं, जे हलत नाही ते राहतं. येडशीच्या जुन्या स्टेशनचा फोटो असाच काढला, तर अख्खं गाव गेलं आणि फलाटावर झोपलेलं एक कुत्रं तेवढं राहिलं. तो घेणारे दातांचे डॉक्टर म्हणाले, कुत्रं चालेल.

ईटला मी बाजाराच्या दिवशी मुद्दाम गेलो होतो. भूम तालुक्यातलं हे मोठं गाव. तिथं रस्त्याला लागून कापसाची एक बंद पडलेली दगडी जिनिंग मिल आहे आणि तिच्या भिंतीशी एक जुना ट्रक उभा आहे, लांब नाकाचा, दोन तुकड्यांच्या काचेचा. वर लिंबाची सावली. दुपारचे दोन वाजले होते, कुठूनतरी खव्याच्या भट्टीचा धूर येत होता आणि माझ्या समोरून सगळा बाजार चालला होता. मी घड्याळ बघत वीस फोटो काढले. चाळीस मिनिटं त्या ट्रकावरून नजर काढली नाही, कारण दुसरं बघायला काही नव्हतं. ट्रकात कुणी नव्हतं. हे मी आजही कुठंही शपथेवर सांगीन.

तामलवाडीजवळ हायवेला हॉटेल असलेल्या एकानं मोबाइलवर तो फोटो बघितला आणि हट्टच धरला. "भाऊ, माज्या बापाचा सेम असाच ट्रक व्हता. फॅमिली रूमच्या भिंतीला सहा फूट करून द्या." करून दिला. द्यायच्या आदल्या दिवशी दुकानात मी त्याची काच पुसत होतो. पुसता पुसता हात ट्रकाच्या केबिनपाशी आला आणि तिथंच थांबला. स्टिअरिंगमागं एक माणूस बसला होता.

आधी वाटलं काचेवरचा डाग आहे. मग वाटलं झाडाची सावली. पण सावलीला टोपी नसते. टोपी, गळ्यात उपरणं, स्टिअरिंगवर टेकलेलं कोपर, मान जराशी उजवीकडं वळलेली. पुढच्या काचेवर सगळीकडं धूळ आणि नेमकी त्याच्यासमोर तेवढी काच स्वच्छ. मी कॉम्प्युटर उघडला आणि मूळचे वीस फोटो एकेक करून बघायला लागलो. पहिल्यात तो होता. दुसऱ्यात होता. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात तिथंच, तसाच. आठ मिनिटं झाली तरी त्याचं कोपर तसूभर हललेलं नव्हतं. सहावा मी उघडलाच नाही, कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी तोंडातून चकार शब्द न काढता ती फ्रेम हॉटेलच्या भिंतीला लावून आलो. मी भित्रा माणूस आहे, ते लपवत नाही.

मग दसरा आला. हॉटेलवाल्यानं सगळ्या गाड्या धुतल्या, जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकली, सगळ्यांना झेंडूचे हार घातले. आणि बापाच्या आठवणीनं त्याचं मन भरून आलं. त्यानं एक लांब हार भिंतीवरच्या ट्रकालाही घातला, दोन खिळे ठोकून. काचेवर कुंकू लावलं, आपट्याची पानं ठेवली. त्याच्या दृष्टीनं त्यानं गाडी पुजली होती, त्यात वावगं काहीच नव्हतं. पण हार नेमका केबिनवर आला. हार दिसला की माणूस आपोआप चेहरा शोधतो, आणि इथं तो सापडत होता. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारे भाविक त्या खोलीत टेकायला थांबायचे, तर जाताना भिंतीला हात जोडायचे. वेटर सांगायला लागले की हे म्हणजे शेठचे वडील. शेठचे वडील कसे दिसायचे हे शेठला माहीत असणारच. तो मला फोनवर म्हणाला, "भाऊ, आतला ह्यो कोण हाय? म्या लावला तवा तर नव्हता." मी म्हणालो, उजेडाचा खेळ असेल. दसऱ्याचा हार पुढं वाळून काटकीसारखा झाला, पण तो काढायला कुणी हात लावेना.

ईटकडून खवा घेऊन सोलापूरला जाणारा एक टेम्पोवाला तिथं चहाला थांबला. त्यानं फोटो बघितला, कपातला चहा तसाच ठेवला आणि गावाकडं फोन लावला.

चौथ्या दिवशी एक बाई माझ्या दुकानात आली. साठीची असेल. हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात पिशवी. चप्पल बाहेर काढून आत आली आणि उजव्या भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा आधी नीट बघून घेतल्या. मग माझ्याकडं वळली.

"ट्रकाचा फोटो तुमीच काढला व्हय?"

"व्हय मावशी."

"त्यातलं माणूस माजं हाय."

मी तिला स्टूल दिलं. तिनं जे सांगितलं ते असं. नवरा ट्रक ड्रायव्हर. त्याच लांब नाकाच्या ट्रकावर तो तरुणपणी गाडी शिकला, जिनिंग चालू होती तेव्हा. बारा वर्षांपूर्वी घरात दोघांचं कशावरून तरी वाजलं. तो दुसऱ्याची गाडी घेऊन सोलापूरला गेला, माल उतरवला, गाडी परत आणून लावली, चावी गाडीवाल्याच्या घरी दिली आणि निघून गेला तो आजतागायत. कुणी मुंबई सांगितली, कुणी हैदराबाद. शोधून झालं, नवस करून झाले. आता बारा वर्षं भरत आली. इतकी वर्षं माणूस परतला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करून टाकतात. पोरानं दिवाळीनंतरचा दिवस धरला होता. त्या दिवशी तिच्या हातातल्या बांगड्या फुटणार होत्या आणि कुंकू पुसलं जाणार होतं. अशात गावात बातमी आली की हॉटेलात त्याच्या फोटोला हार घातलाय.

"लोक म्हणाय लागले, बग, परक्यांस्नी कळलं, तुलाच कळंना." तिचा आवाज कुठंच हलला नाही. "हार कुणी घातला?"

"गाडीला घातलाय मावशी, दसऱ्याचा. माणसाला न्हाय."

"आसं व्हय," ती म्हणाली. मग पुढं वाकली. "तुमी तिथं हुबं व्हता. तुमी बगितलं आसंल. जित्ते व्हते का?"

मी काय सांगणार होतो? बघितलं नाही म्हणावं तर फोटो समोर. बघितलं म्हणावं तर ते खोटं. गेल्या तीस वर्षांत कुणी मला असं विचारलं नव्हतं. हा प्रश्न मी लोकांना विचारतो. मी म्हणालो की तिथं वीस फोटो काढलेत, तेच बघा. तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. तिनं पडद्याला आधी हात जोडले. मग पहिल्याच फोटोवर बोट ठेवलं. "बगा मान. उजव्या कानानं ऐकू कमी यायचं, गाडीच्या आवाजानं. म्हनून डावा कान म्होरं करून बसायचं. तेच हायती."

मी एकेक फोटो पुढं सरकवत गेलो. माणसाच्या आजूबाजूला बाजार बदलत होता. टोपलीवाली बाई आली, गेली. शेरडं आली. दोन पोरी फुगे घेऊन गेल्या. मोटारसायकलवर तिघं बसून गेले. आत तो तसाच. ती प्रत्येक फोटोवर वाकून बघायची आणि म्हणायची, "म्होरला." कुठंतरी बोट हललेलं असेल, मान वळलेली असेल, एवढंच ती शोधत होती. माणसानं नुसता श्वास घेतला तरी खांदा वरखाली होतो. दोन मिनिटांत एखादी माशी तरी हाकलतो. दहा झाले, पंधरा झाले. अठरावा, एकोणिसावा. तिचं "म्होरला" आता ऐकूही येत नव्हतं, नुसते ओठ हलत होते.

विसाव्यात तो नव्हता.

केबिन रिकामी होती. काचेवर सगळीकडं धूळ आणि तिच्यामागं जिनिंगची भिंत. मी एकोणिसाव्यावर गेलो, तो होता. पुन्हा विसाव्यावर आलो, नव्हता. एकोणीस फोटोंत असल्यामुळं मोठ्या प्रिंटमध्ये तो राहिला, शेवटच्या एकट्या फोटोचं तिथं काही चाललं नाही. मी माउसवरचा हात काढून घेतला. आणि माझ्या शेजारी ती बाई मात्र तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"उतरले की!" ती म्हणाली. "मेलेलं माणूस गाडीतनं उतरतंय व्हय? तुमीच सांगा. कुणीकडं गेले मग?"

एकोणिसाव्या आणि विसाव्या फोटोमधली दोन मिनिटं मला स्वच्छ आठवत होती. मी कॅमेऱ्याशेजारी उभा होतो आणि त्या ट्रकाचं दार उघडलं नव्हतं. वडिलांचा नियमही आठवत होता, आपण ठरवायचं नाही. पण माझं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "बाजाराकडं गेले."

"पायात काय व्हतं?"

"चप्पल."

"आन् तब्येत?"

"बरी दिसली."

तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाली, घरात त्यांचा एकही फोटो नाही, तेवढाच भाग मोठा करून फ्रेम करून द्या. मी माप लिहून घेतलं, पट्टी दाखवली, आणि सवयीनं जीभ घसरली, "हाराची कडी..." तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. मी माझी जीभ चावली. "लावू नगा," ती म्हणाली, आणि ते दोन शब्द तिनं इतक्या हलक्या आवाजात उच्चारले की रागावली असती तर बरं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी ईटला गेलो. बाजार नव्हता, रस्ता मोकळा होता. ट्रक जिनिंगच्या भिंतीला इतका खेटून उभा होता की ड्रायव्हरच्या बाजूला हातभर फट. तिकडचं दार उघडणं शक्यच नाही. दुसऱ्या बाजूचं दार तारेनं बांधलेलं, तार गंजून दाराला चिकटलेली, आणि दारासमोर मनगटाएवढी जाड बाभळ वाढलेली. मी चाकावर चढून आत बघितलं. सीटच्या नुसत्या स्प्रिंगा होत्या. स्टिअरिंग नव्हतंच, फक्त दांडा वर आलेला. फोटोत त्याचं कोपर मग कशावर टेकलं होतं? समोरच्या टपरीवाल्याला विचारलं, हे दार कधी उघडलं होतं. "दार?" तो म्हणाला. "म्या टपरी टाकल्यापास्नं तरी न्हाय." पुढच्या काचेवर मी बोटानं रेघ ओढली. धूळ एवढी जाड होती की बोट बुडालं. एकही जागा पुसलेली नव्हती. कॅमेरा गळ्यात होता, पण तो डोळ्याला लावायची माझी छाती झाली नाही.

फ्रेम ती घेऊन गेली. दिवाळी तोंडावर आली असताना तीच फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून तिचा पोरगा माझ्या दुकानात आला. तिशीतला, उन्हानं रापलेला, शेतात राबणारा. फ्रेम टेबलावर ठेवून म्हणाला, "कड्या बसवून द्या."

"आईला विचारलं का?"

त्यानं फ्रेमवरचा कागद सोडला. मग म्हणाला, "मला हौस हाय का हो? घरात एक काम धड हुईना. लोक म्हनत्यात बापाचं अडकलंय. त्यांना बी सुटाय नगं का? आन् तुमी आईला काय सांगून ठिवलं? बाजाराकडं गेले म्हनून. आता ती दर बाजारी त्या ट्रकाम्होरं जाऊन बसती. सकाळपास्नं दिवस बुडस्तवर. लोक हासत्यात." मी म्हणालो, ज्याचं माणूस त्यानं सांगायचं, असा आमच्या दुकानाचा नियम आहे. त्यावर त्यानं मान वर करून बघितलं. "माजं न्हाय का ते माणूस? बाप हाय माजा."

खरं सांगून टाकलं असतं, की त्या ट्रकाचं दार उघडतच नाही, तर तिथल्या तिथं निकाल लागला असता. शब्द ओठावर आले होते. मी म्हणालो, "जिनं फ्रेम नेली, तिनं येऊन सांगू दे. मी फुकट बसवून देतो." तो बराच वेळ फ्रेमच्या वरच्या पट्टीवरून बोट फिरवत बसला, जिथं कड्या आल्या असत्या तिथं. मग फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळून घेऊन गेला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एका बाईला मी खोटं बोलून रस्त्यावर बसवलं होतं, लोकांना हसायला.

पुढच्या बाजारी मी ईटला गेलो, तिला सगळं सांगून टाकायला. हॉटेलवाल्याचाही मागं तगादा होता की आतला माणूस नसलेला दुसरा फोटो काढून द्या, म्हणून कॅमेराही घेतला. ती ट्रकापासून चार पावलांवर एका दगडावर बसली होती. तोंड ट्रकाकडं नाही, रस्त्याकडं. शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी.

"या," ती म्हणाली. "भुईमुगाच्या शेंगा हायत, घ्या."

मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. "मावशी, त्या दिवशी मी म्हणालो की ते बाजाराकडं..."

"ठावं हाय," ती म्हणाली. "म्या बगितलं की. त्या बाजूला हातभर फट, ह्या बाजूला बाभळ. उतरनार कुठनं?" तिनं एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "पर बारा वर्सांत समद्यांनी मला सांगितलं की वाट बगू नगं. कुणीकडं बगायची, ते तुमी एकल्यानं सांगितलं."

"मग इथं कशाला बसता?"

"म्या आसले की आत कुनी दिसत न्हाय," तिनं मागं न बघता ट्रकाकडं मान वळवल्यासारखं केलं. "टपरीवाल्याला इचारा. म्या नसले की कवातरी दिसतंय म्हनतोय. रुसलेत. भांडान मीच काढलं व्हतं." आणि मग अगदी साधेपणानं म्हणाली, "रुसलेलं माणूस कुटवर रुसंल? कवातरी भूक लागंल का न्हाय."

मला तिला बाजूला व्हा म्हणवलं नाही. मी तिवई लावली, मागच्या वेळी होती त्याच जागी. मनात म्हटलं, चाळीस मिनिटांत ही कधीतरी उठेल, पाणी प्यायला, पाय मोकळे करायला, निदान इकडं तिकडं सरकेल, मग आपोआप जाईल. पहिला फोटो काढला. मग दुसरा. बाजार तिच्या पुढून वाहत होता. कुणी तिच्याकडं बघून हसत होतं, कुणी बघतही नव्हतं. ती रस्त्याकडं बघत बसली होती, बाजाराच्या दिशेला. वीस फोटो झाले. तिचा पदरसुद्धा हलला नव्हता.

घरी येऊन फोटो एकावर एक चढवले. सगळा बाजार गेला. टोपल्या, शेरडं, मोटारसायकली, हसणारी माणसं, सगळं पुसलं गेलं. केबिन रिकामी होती, विसाच्या वीस फोटोंत. आणि ओस पडलेल्या रस्त्याकडेला दगडावर ती बसलेली, हिरव्या बांगड्या, कपाळावर कुंकू. तिला हातानं पुसून काढायला दहा मिनिटं लागली असती. मी माउस हातात घेऊन तासभर बसलो आणि उठलो.

हॉटेलवाला म्हणाला, बाई कशाला आता यात, आणि त्यानं तो फोटो घेतला नाही. जुना काढून तिथं बर्फाच्या डोंगराचं चित्र लावलं. दिवाळी झाली, ठरलेला दिवस आला आणि गेला. क्रिया झाली नाही. पोरगा म्हणाला, आईला कोण उठवणार त्या दगडावरून, पुढच्या साली बघू.

तो मोठा फोटो मी दुकानात माझ्या पाठीमागं लावलाय, डाव्या भिंतीवर नाही आणि उजव्याही नाही. येणारं गिऱ्हाईक गेलेल्या माणसांवरून नजर फिरवत फिरवत तिच्यापाशी थांबतं. आवाज खाली आणून विचारतं, "ह्या कधी गेल्या?"

मी काच कापता कापता सांगतो, "वर पट्टीला बघा. कडी न्हाय."